रानपिंगळ्याची नोंद तपासून देणाऱ्या काकांना

आदरणीय काकांना,
सा. नमस्कार.

मुक्त ज्ञानकोशातली, म्हणजे विकिपीडियावरची, रानपिंगळा या दुर्मिळ छोट्या घुबडाची मराठी नोंद आता कुणाही शाळकरी मुलाच्या हाती बिनधास्त द्यावी अशी झाली आहे. नोंदीत तुमचं नाव कुठेच येणार नाही, तिथली पद्धतच तशी. पण इंदुरातल्या आपल्या मंडळींना कळायला हवं, म्हणून हे पत्र उघडपणे लिहिते आहे.

मी ती हाती घेतली तेव्हा नोंद जेमतेम पाच-सहा ओळींची होती. पक्षी निशाचर म्हणून लिहिलेला, शेवटची नोंद १९१४ सालची आणि फोटो साध्या ठिपकेवाल्या पिंगळ्याचा. भाषा नीट करणं माझ्या हातातलं होतं, पण त्या ओळींमधलं खरं किती हे सांगणारं माणूस हवं होतं. कुणीतरी म्हणालं, वनखात्यात असताना उमेदीची वर्षं खंडवा-बुऱ्हाणपूरकडच्या जंगलात काढलेले एक काका राजेंद्रनगरात राहतात, त्यांना विचार. ओळख ना पाळख, तरी तुम्ही मला बसवून घेतलंत, छापून आणलेला कागद मागितलात आणि लाल पेन उघडलंत.

फोटो पहिल्या नजरेतच बाद झाला. ‘माथा बघ आधी,’ म्हणालात. आपल्याकडे रेसिडेन्सी भागातल्या जुन्या झाडांवर दिसतो त्या पिंगळ्याच्या डोक्यावर पांढरे ठिपके असतात. रानपिंगळ्याचा माथा जवळजवळ कोरा. डोकं आणि चोच मोठी, छाती गडद तपकिरी, पोट पांढरं, शेपटीवर रुंद पांढरे पट्टे आणि जाड पाय बोटांपर्यंत पांढऱ्या पिसांनी झाकलेले. वर्णनाचा परिच्छेद मी तुम्ही सांगितलात त्याच क्रमानं लिहिला आहे. ‘निशाचर’ हा शब्दही गेला. उघड्यावरच्या फांदीवर बसून, शेपटी झटकत, दिवसाढवळ्या सरडे, सापसुरळ्या आणि उंदीर टिपणारा हा पक्षी.

पण खरे उपकार आहेत ते १९१४च्या ओळीबद्दल. त्या एका ओळीला तुम्ही अख्खी दुपार दिलीत.

ब्लेविट नावाच्या संग्राहकानं १८७२ साली आजच्या छत्तीसगडातल्या बसना-फुलझर भागात मिळवलेल्या पक्ष्यावरून पक्षीतज्ज्ञ ह्यूमनं १८७३मध्ये या जातीचं वर्णन केलं. त्यानंतर संग्रहालयांत पोचले ते मोजके नमुने, म्हणजे मारून भरून ठेवलेले पक्षी, आणि त्यातले बहुतेक जेम्स डेव्हिडसन या ब्रिटिश अधिकाऱ्यानं १८८०च्या दशकाच्या सुरुवातीला खानदेशातून जमवलेले. १८८४नंतर सगळं शांत. मग कर्नल माइनर्ट्झहागेन या ब्रिटिश लष्करी अधिकारी आणि पक्षी-संग्राहकाचा नमुना पुढे आला : तापीकाठचं मांडवी, गुजरात, ऑक्टोबर १९१४. कितीतरी वर्षं पुस्तकांनी तो खरा धरला. प्रत्यक्षात तो डेव्हिडसनचाच जुना नमुना होता. ब्रिटिश संग्रहालयातून चोरलेला, नव्यानं भरून, खोटी चिठ्ठी बांधून आपला म्हणून मिरवलेला. पामेला रासमुसेन आणि नायजेल कॉलर या पक्षीशास्त्रज्ञांनी कातडं तयार करण्याच्या पद्धतीवरून आणि क्ष-किरण छायाचित्रांवरून हे १९९९मध्ये सिद्ध केलं.

हे सांगताना तुमचा आवाज चढला होता, आणि मला तो राग पटला. एका खोट्या चिठ्ठीमुळे लोक भलत्या ठिकाणी शोधत राहिले. रासमुसेन, बेन किंग आणि डेव्हिड अ‍ॅबट यांनी तो अभ्यास छापून येण्याआधीच मांडवी बाजूला ठेवली, जुन्या खऱ्या नमुन्यांची गावं धरली. छत्तीसगडात निराशा झाली, पण २५ नोव्हेंबर १९९७ला खानदेशातल्या शहाद्याजवळ रानपिंगळा समोर बसलेला दिसला. तब्बल ११३ वर्षांनी! नोंदीत आता हा प्रसंग स्वतंत्र विभाग म्हणून आहे आणि १९१४चा उल्लेख खोटा दावा म्हणूनच येतो. इतर मराठी लेखांतही हे साल दिसेल तिथे कुणीतरी दुरुस्त करावं, ही माझी सगळ्यांना विनंती.

आणखी एका गोष्टीसाठी तुमचे आभार मानायचेत, आणि ती बोलून दाखवायला मला तेव्हा जमलं नाही. तुमच्या डायऱ्यांमध्ये या पक्ष्याच्या स्वतः पाहिलेल्या नोंदी आहेत. तारीख, वेळ, झाड, सगळं. ज्ञानकोशात छापून न आलेली निरीक्षणं घेता येत नाहीत, हे सांगताना मला फार संकोच वाटत होता. तुम्ही शांतपणे डायरी मिटलीत, पलंगाखालची पेटी ओढलीत आणि तीच गोष्ट छापील कुठे सापडते ते शोधायला लागलात. बुऱ्हाणपूर जिल्ह्यातलं खकनार, मेळघाट, तोरणमाळ ही ठिकाणं नोंदीत आली ती त्या पेटीतल्या कागदांच्या आधारानं. काकूंनी दोनदा जेवायला हाक मारली, तरी तुम्ही उठला नाहीत. काकूंचेही आभार, आणि थोडी क्षमा.

२०१४मध्ये तानसा अभयारण्यात हा पक्षी सापडल्याचं मी घातलं. २०१८च्या जनुकीय अभ्यासानं त्याला साध्या पिंगळ्याच्याच, म्हणजे अथेने या प्रजातीत (जीनसमध्ये) बसवलं, तेही आलं. त्याच वर्षी धोक्यातल्या जातींच्या जागतिक लाल यादीत त्याचा दर्जा ‘अतिसंकटग्रस्त’वरून ‘संकटग्रस्त’ झाला. इथे तुम्ही समासात लिहिलंत : ‘पक्षी वाढले असा अर्थ निघू देऊ नको.’ म्हणून तिथे स्पष्ट वाक्य आहे, की नव्या जागा सापडल्यामुळे अंदाज बदलला. प्रौढ पक्षी २५० ते ९९९ इतकेच मानले जातात आणि पानझडी सागवानी जंगल तुटतंच आहे.

घरट्यांचा परिच्छेद अजून कच्चा आहे. झाडांच्या ढोल्यांबद्दल तुम्ही सांगितलेलं बरंच काही छापील आधारासाठी थांबलं आहे. या रविवारी सकाळी तो मोठ्या अक्षरांत छापून घेऊन येते. लाल पेन तयार ठेवा.

तुमची,
राजेंद्रनगरात वाट विचारत आलेली मुलगी