पाया कच्चा नको

महोदय,

शिष्यवृत्तीच्या सरावात नाशिकमधील मुले कठीण गणितांत नव्हे, साध्या प्रश्नांत गुण घालवतात.

थॉमसन, सोनाका, माणिक चमन आणि शरद या ४ जातींच्या द्राक्षांतून २ जाती एका पेटीत भरायच्या. किती प्रकारे? मुले ४ × ३ = १२ लिहितात. पण थॉमसन-शरद आणि शरद-थॉमसन ही पेटी एकच, म्हणून २ ने भागून उत्तर ६. कुलपाच्या आकड्यांत मात्र २७ आणि ७२ वेगळे. तिथे भागायचे नाही. क्रम बदलल्याने वस्तू बदलते का, हे आधी विचारावे. सूत्र त्यानंतर.

१४३ मूळ संख्या आहे का? २, ३, ५, ७ ने भाग जात नाही म्हणून मुले ‘आहे’ म्हणतात. १२ चा वर्ग १४४, म्हणजे ११ पर्यंतच्या मूळ संख्या तपासायलाच हव्यात; आणि ११ × १३ = १४३! १ ही मूळ नाही, संयुक्तही नाही. हे तर पाठच हवे.

संख्यालेखनाची हेळसांड सर्वांत जास्त सलते. ‘पाच लाख सात हजार चाळीस’ ऐकून मुले ५७,०४० लिहितात, कारण दशहजाराच्या रिकाम्या घरात शून्य भरायचे राहते. आधी सहा घरे आखावीत, मग भरावीत : ५,०७,०४०. ‘एकोणसत्तर’मध्ये सत्तर ऐकू येते, म्हणून ७९ लिहिले जाते. सत्तराला एक ऊन, म्हणजे ६९, हे फळ्यावर रोज म्हणून घ्यावे.

– गणिताचे काही शिक्षक, पंचवटी, नाशिक