पाऊस नाही म्हणून टॉवरवर चढ?

संपादक साहेब, नमस्कार,

मी मोबाइल टॉवरवर चढणारा माणूस. मे महिन्यात वळवाचं आभाळ आलं, रेंज गेली की ऑफिसातून फोन सुरू, "अरे पाऊस कुठंय, चढ की!" पण खाली पान हलत नसतं तेव्हा चाळीस मीटरवर हेल्मेटचा पट्टा फडफडत असतो राव. परवा निम्म्यात असताना वीज चमकली, सेकंद मोजायला लागलो, १८ ला गडगडलं म्हणजे वीज जेमतेम ६ किलोमीटरवर, सरळ उतरलो. वीज चमकल्यावर ३० सेकंदांच्या आत गडगडलं तर थांबायचं आणि शेवटच्या गडगडाटानंतर ३० मिनिटं वर जायचं नाही, साधा नियम आहे, पुण्याच्या आयआयटीएम या हवामान संशोधन संस्थेचं, विजेचा इशारा देणारं दामिनी अ‍ॅप पण फुकट मिळतं. तरी माझा त्या दिवसाचा पगार कापला, तो कुठल्या नियमाने?

– एक रिगर, सातारा