पावतीच्या ओळीत न मावलेले चाळीसगाव

प्रति,
मा. संपादक,
स. न. वि. वि.

मी जळगावात राहतो आणि भुईकाट्यांच्या वजनदर्शक यंत्रांसाठी सी भाषेत प्रोग्राम लिहितो. सध्या आपल्या भागातील अभियांत्रिकी महाविद्यालये आणि तंत्रनिकेतनांत प्रात्यक्षिक परीक्षांचे दिवस आहेत. माझ्याकडे प्रकल्पासाठी येणाऱ्या दोन विद्यार्थ्यांची जर्नले परवा चाळली. ‘दोन स्ट्रिंग (म्हणजे शब्द) जोडणे’ या प्रयोगात वीस बाइटांचा अॅरे (मेमरीतली सलग जागा; बाइट हे तिचे माप), त्यावर स्ट्रकॅट हे शब्द जोडणारे फंक्शन, खाली छापून आलेले उत्तर आणि त्यावर लाल शाईची सही होती. उत्तर बरोबर होते, पण ते जोडलेले शब्द लहान होते म्हणून. ते मोठे असते तर काय झाले असते, हा प्रश्न जर्नलात नव्हता आणि तोंडी परीक्षेतही विचारला गेला नाही, असे त्या मुलांनी सांगितले. हाच प्रश्न न विचारल्याची किंमत मी स्वतः मोजली असल्यामुळे हे पत्र लिहीत आहे.

सी भाषेत शब्दाची लांबी कुठेही नोंदवलेली नसते. अक्षरे मेमरीत ओळीने बसतात, शेवटी शून्य मूल्याचा एक बाइट येतो आणि तो आला की शब्द संपला असे समजायचे. स्ट्रकॅट पहिल्या शब्दाचे हे शून्य शोधते व तिथून दुसरा शब्द उतरवू लागते. ज्या अॅरेत ती उतरवत आहे तो केवढा आहे, हे तिला कोणी सांगितलेलेच नसते. जागा संपली तरी ती थांबत नाही आणि शेजारी जे असेल त्यावर लिहीत जाते.

आमच्या यंत्रात पावतीच्या एका ओळीसाठी ४८ बाइटांचा अॅरे होता आणि त्यात गाव, माल व गाडीचा क्रमांक, मध्ये एकेक जागा सोडून, जोडले जात. गावे रोमन लिपीत होती तोवर मुक्ताईनगरची अक्षरे ११, केळीची ४, क्रमांकाची १०, दोन मोकळ्या जागा आणि शेवटचे शून्य धरून सगळा मामला २८ बाइटांत आटपत असे. पुढे एका ग्राहकाने पावती मराठीत मागितली, आणि ती मागणी अगदी रास्त होती. अक्षरे साठवण्याच्या यूटीएफ-८ पद्धतीत देवनागरीचे प्रत्येक चिन्ह तीन बाइट घेते, आणि काना, मात्रा, वेलांटी, उकार, पाय मोडण्याची खूण ही सगळी त्यात स्वतंत्र चिन्हे धरली जातात. मुक्ताईनगर ३० बाइटांचे झाले, केळी १२ची झाली आणि ओळ ५५ बाइटांवर गेली. अॅरेला लागूनच रिकाम्या गाडीचे वजन चार बाइटांत ठेवलेले होते. गाडीच्या क्रमांकातली अक्षरे त्यावर जाऊन बसली आणि पहिल्याच दिवशी रिकाम्या गाडीचे वजन ऐंशी कोटी किलोंच्या वर दिसले.

ही चूक बरी म्हणायची, कारण ती सगळ्यांना दिसली. मी केलेली दुरुस्ती तिच्याहून वाईट निघाली.

स्ट्रकॅट काढून मी स्ट्रएनकॅट घातली. तिला दोन शब्दांखेरीज एक आकडाही द्यावा लागतो आणि बहुतेकांची, माझीही, समजूत अशी असते की तो अॅरेचा आकार किंवा त्यात उरलेली जागा असावा. प्रत्यक्षात तो ‘दुसऱ्या शब्दातली जास्तीत जास्त किती अक्षरे घ्यायची’ एवढेच सांगतो, आणि ती अक्षरे लिहून झाल्यावर शेवटचे शून्य त्याहून वेगळे, एक बाइट पुढे लिहिले जाते. मी उरलेली जागा दिली आणि त्यातून एक वजा करायला विसरलो. चाळीसगाव २४, केळी १२, दोन मोकळ्या जागा, मिळून ३८, उरले १०, क्रमांक नेमका १० अक्षरांचा. ओळ अक्षर न अक्षर बरोबर छापली गेली आणि शेवटचे शून्य एकोणपन्नासाव्या जागी, म्हणजे रिकाम्या गाडीच्या वजनाच्या पहिल्या बाइटवर पडले. आमच्या नियंत्रकात (यंत्र चालवणाऱ्या चिपमध्ये) सर्वांत कमी किमतीचा बाइट आधी येतो, त्यामुळे २,२१० किलोंची रिकामी गाडी २,०४८ किलोंची झाली आणि मालाचे वजन १६२ किलोंनी फुगले. मुक्ताईनगरच्या पावतीवर क्रमांकाची पहिली चारच अक्षरे उमटत होती. ते दिसले होते, पण कागद अरुंद पडत असेल असे सगळ्यांनी धरले. शेवटी व्यापाऱ्याच्या माणसाने तीच गाडी दुसऱ्या काट्यावर नेली आणि परत येऊन सांगितले, “काटा खोटा नही भाऊ, पावती खोटी शे.”

आता आम्ही तिन्ही तुकडे एसएनप्रिंटएफने एकदाच जोडतो. हे फंक्शन १९९९च्या सी मानकापासून आहे, ते अॅरेचा पूर्ण आकार घेते, शून्यासकट त्याच्या आतच राहते आणि जागा पुरेशी असती तर किती अक्षरे झाली असती ते परत सांगते. हा आकडा आकाराइतका किंवा त्याहून मोठा आला तर ओळ मावलेली नाही, आणि ऋण आला तर काहीतरी बिघडले आहे. तुकडे एकेक करून जोडायचे असतील तर स्ट्रएलकॅट आहे. तिलाही पूर्ण आकारच द्यायचा असतो, वजाबाकी आपल्याला करावी लागत नाही. ती १९९८ साली ओपनबीएसडी या कार्यप्रणालीत आली, पण लिनक्सवर सर्रास वापरल्या जाणाऱ्या ग्नू सी लायब्ररीत यायला २०२३ उजाडले आणि युनिक्ससारख्या प्रणालींसाठीच्या पॉझिक्स मानकात ती २०२४ला शिरली. फक्त आकार काढताना सावध राहावे लागते: अॅरे दुसऱ्या फंक्शनला दिला की तिथे आकार सांगणारे साइझऑफ अॅरेचा नव्हे, पॉइंटरचा (मेमरीतल्या पत्त्याचा) आकार देते, आणि आमच्या नियंत्रकावर तो चारच बाइट आहे.

स्ट्रएलकॅटवर जुना आक्षेप असा की ती शब्द मुकाट्याने तोडते आणि चूक झाकली जाते. मला तो अर्धा पटतो. परत आलेला आकडा न तपासणाऱ्याला कोणतेही फंक्शन वाचवू शकत नाही. देवनागरीत तर तोडणे अधिकच वाईट, कारण तीन बाइटांच्या मध्ये कापले तर चौकोन उमटतो, आणि चिन्हाच्या सीमेवर नीट कापले तरी धुळ्याची मात्रा जाऊन मागे ‘धुळ’ उरते. म्हणून आमचे यंत्र आता न मावणारी ओळ तोडत नाही. ते पावती छापण्यास नकार देते आणि पडद्यावर तसे सांगते. काट्यावरच्या माणसाला याचा त्रास होतो, तो मी मान्य करतो.

हे नवीन ज्ञान नाही. २ नोव्हेंबर १९८८ रोजी इंटरनेटवर आपोआप पसरलेल्या मॉरिस वर्म या प्रोग्रामने ज्या वाटा वापरल्या, त्यांतली एक म्हणजे ५१२ बाइटांच्या जागेत मर्यादा न पाहता ओळ वाचणारे गेट्स हे फंक्शन. ते २०११च्या मानकातून काढून टाकले गेले. स्ट्रकॅट अजून मानकात आहे, आणि जोडायच्या शब्दांची लांबी आधीच पक्की ठाऊक असेल तिथे तिचा वापर चूकही नाही. अभ्यासक्रमातून ती वगळावी, असे माझे म्हणणे नाही.

माझी विनंती प्रात्यक्षिक घेणाऱ्या शिक्षकांना आणि बाहेरून येणाऱ्या परीक्षकांना आहे. शब्द जोडण्याच्या प्रयोगाचे निम्मे गुण न मावणाऱ्या शब्दावर प्रोग्राम काय करतो याला द्यावेत, आणि तो शब्द परीक्षकाने स्वतः टाइप करावा. त्यासाठी मुक्ताईनगरपर्यंत जाण्याचीही गरज नाही. जर्नलातल्या त्या वीस बाइटांच्या अॅरेत देवनागरीतले ‘जळगाव’ आणि ‘धुळे’ हे दोन शब्दही एकत्र मावत नाहीत.

आपला नम्र,
एक वाचक, जळगाव