आई-बाबा, मी होकार कळवलाय

तीर्थरूप बाबा आणि आई,
साष्टांग नमस्कार.

परवा फोनवर बोलणं अर्धंच राहिलं. बाबांना उबळ आली आणि आईने ‘नंतर बघू’ म्हणून फोन ठेवला. म्हणून सगळं लिहून पाठवतेय. बाबा, आईला वाचून दाखवा, पण दम लागला की थांबा.

ॲमस्टरडॅमच्या सामाजिक इतिहास संस्थेला मी होकार कळवला आहे. दोन वर्षांसाठी. गणपती झाले की निघेन. आधी विचारलं असतं तर तुम्ही दोघं ‘जा’च म्हणाला असता आणि मग रात्र रात्र जागला असता. म्हणून ठरवूनच सांगितलं.

दादाला वाटतं, कायम जागेची जाहिरात निघेपर्यंत इथेच थांबावं. निघाली की मी तिथूनही अर्ज करीनच. पण पीएच.डी. झाल्यापासून मी तासिका तत्त्वावर शिकवतेय, आणि ते काय असतं हे बाबांना वेगळं सांगायला नको. बदलीवाला म्हणून तुम्ही गेटवर उभे राहायचात, कोण आलं नाही हे बघून जॉबर, म्हणजे खात्याचा मुकादम, आत घ्यायचा. माझंही दर जूनला तेच, आणि मे महिना बिनपगारी. गिरणीतल्या बायकांवरच्या माझ्या प्रबंधाचं पुस्तक झाल्याशिवाय पुढे सरकता येणार नाही. दोन कॉलेजं आणि लोकल सांभाळून ते होत नाहीये. तिथे शिकवायचं नाही, फक्त लिहायचं आहे.

ही संस्था १९३५ सालची. हिटलरच्या राजवटीत कामगार संघटनांची कागदपत्रं नष्ट होत होती, तेव्हा ती वाचवून ठेवायला उभी राहिली. मार्क्सच्या हातची पानं तिथे आहेत. आताची इमारत म्हणजे पूर्वीचं कोकोचं गोदाम. गोदामात कामगारांचे कागद जपून ठेवलेत हे वाचलं आणि बाबा, तुम्हीच डोळ्यांसमोर आलात. फिनिक्स गिरणीचा मॉल झाल्यावर तिच्या जुन्या चिमणीकडे बघत रस्त्यावर उभे होतात. आत चला म्हटलं तर आला नाहीत.

गिरणगावावर लिहायला परदेशात कशाला, असं काकांनी विचारलं म्हणे. इतिहासकार राजनारायण चंदावरकर जन्मले मुंबईत, पण गिरणगावाचा इतिहास त्यांनी केंब्रिजमध्ये राहून लिहिला. कामगाराचं राजकारण समजायचं तर गिरणीबाहेरची वस्तीही बघायला हवी, हे मी त्यांच्याकडून शिकले. चाळ, उधारी देणारा वाणी, गावाहून येणारं धान्य, यांच्या जोरावर संप टिकतो. हे वाचताना मला आई दिसत होती. १८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला. अडीच लाख कामगार बाहेर, संपाचे पुढारी डॉक्टर दत्ता सामंतांची भाषणं, हे पुस्तकांत आहे. वाण्याची वही कुणी सांभाळली, दादाचं दूध कशातून आलं, हे फारसं कुठे नाही. आई, तुला विचारलं की तू म्हणतेस, ‘मला काय कळतंय, बाबांना विचार.’ कळतंय तुला. म्हणून पिंकीला सांगून ठेवलंय, रविवारी ती मोबाइल घेऊन बसेल. आजीपासून सुरू कर. आजी सुताच्या लडी करायच्या रिळिंग खात्यात होती, तिथली नायकीण, म्हणजे बायकांवरची मुकादम, कशी होती, कामावरून कमी केल्यावर आजीने खानावळ कशी काढली, सगळं सांग. १९२९ साली मुंबईत बाळंतपणाच्या लाभाचा कायदा झाला आणि पुढच्या काही दशकांत गिरण्यांतल्या बायका कमी कमी होत गेल्या. हे का झालं हेच माझं पुस्तक, आणि त्यात आजी हवीच.

माझ्या खाण्याची काळजी नको. तिथे डाळ, तांदूळ, कणीक सगळं मिळतं. खोलीत हीटर आहे. गोडा मसाला मात्र तुझाच नेणार. रोज रात्री, तुमची जेवणं झाल्यावर, व्हिडिओ कॉल करीन.

बाबा, तुम्ही पाळीवरून आलात की तुमच्या भुवयांतला कापूस मी बोटांनी वेचायचे. तुम्ही डोळे मिटून बसायचात. तेव्हा मला तो खेळ वाटायचा. आता त्याच कापसाबद्दल वाचते आणि तुमचा खोकला ऐकवत नाही. म्हणून हे नीट ऐका. डॉक्टर बिडीचं विचारतात, तुम्ही ‘कधीच नाही’ म्हणता आणि गप्प बसता. त्यांना सांगा, कापूस पिंजायच्या कार्डिंग खात्यात इतकी वर्षं काढली. सुट्टीनंतर कामावर गेलं की पहिल्या दिवशी छाती जास्त भरायची, तेही सांगा. कापसाच्या धुळीने होणाऱ्या आजाराची ती खूण आहे. घाबरवत नाहीये, पण त्यांना कळायलाच हवं. श्वासाचा पंप उशाशी ठेवायचा, कपाटात नाही. आई, सकाळची चूल बंद. गॅसवर पाणी तापव, सिलिंडरचे पैसे मी पाठवते.

गिरणी कामगारांच्या घरांच्या लॉटरीसाठी केलेल्या अर्जाचे कागद पत्र्याच्या पेटीत आहेत. हजेरी कार्ड, फंडाची पावती, तिकीट नंबरचा पास, सगळ्याची झेरॉक्स मी काढली आहे. कुणी कितीही ओळखीचा येऊन ‘लॉटरीत नंबर लावतो’ म्हणाला तरी अस्सल कागद हातात द्यायचा नाही आणि पैसेही नाहीत. दादाला फोन करायचा.

पुढच्या शनिवारी रात्रीच्या एसटीने येतेय. स्टँडवर उतरवून घ्यायला येऊ नका बाबा, गारठा असतो. मी रिक्षाने येईन.

तुमची,
बेबी