पेवाचं तोंड

सांगली,
१६ नोव्हेंबर

प्रिय श्रीकांत,

तुझं पत्र येऊन महिना होऊन गेला. उत्तर लिहायला बसलो की आतून दादांची हाक यायची, "बरं का!" आणि मी उठायचो. आत्ता ते झोपलेत.

फोनवर तुला अर्धवटच सांगितलं होतं. श्रावणात एका सकाळी चहाचा कप दादांच्या उजव्या हातातून निसटला आणि बघता बघता तोंड वाकडं झालं. तसंच मिरजेला नेलं. मेंदूच्या डाव्या बाजूच्या रक्तवाहिनीत गुठळी. उजवा हात-पाय लुळा पडला आणि वाचा गेली. चाळीस वर्षं हळदीच्या अडतीत दिवाणजी असलेला माणूस, शेकडो शेतकऱ्यांना नावानिशी ओळखणारा, त्याच्याकडे दोनच शब्द उरले: बरं का. पाणी हवं, बरं का. पंखा बंद कर, बरं का. राग आला तरी बरं का, फक्त तेव्हा आवाज चढतो.

तेव्हापासून रात्री मिळेल ते वाचत बसतो. पॅरिसमध्ये १८६१ साली पॉल ब्रोका नावाच्या सर्जनकडे असाच एक रुग्ण आला होता. कितीतरी वर्षं त्याच्या तोंडून 'तां' एवढाच आवाज निघायचा, पण विचारलेलं त्याला कळत होतं. इथं किती वर्षं झाली असं विचारल्यावर त्याने डावा पंजा चारदा उघडला आणि वर एक बोट दाखवलं. एकवीस. तो थोड्याच दिवसांत वारला. ब्रोकाने मेंदू तपासला तेव्हा डाव्या बाजूला, कपाळामागच्या भागात इजा सापडली. बोलणं मेंदूत ठरावीक जागी बसतं, हे त्यानंतर लोक मानायला लागले.

हे वाचून मी पुस्तक मिटलं, कारण आदल्याच आठवड्यात घरी तेच घडलं होतं. मी दादांच्या डाव्या हातात हळकुंड दिलं. त्यांनी ते दातांनी मोडलं, आतला रंग पाहिला, वास घेतला. मी म्हटलं, "काय भाव जाईल?" त्यांनी पंजा तीनदा उघडला. पंधरा हजार. आणि मग मान हलवून एक बोट मागे घेतलं. एक हजार कमी, ओल आहे म्हणून! त्या दिवशी मी स्वयंपाकघरात जाऊन रडलो.

तुला हरिपूरची पेवं आठवतात ना? जमिनीखाली हळद साठवायची आणि तोंड लिंपून टाकायचं. मला दादांचं तसंच वाटतं. माल आत आहे, तोंड बंद आहे. पण श्रीकांत, पुराचं पाणी पेवांत शिरलं तेव्हा आतली हळद खरंच सडली होती, तेही आपण पाहिलंय. काही पेवांत पाणी शिरलंय. दादा कधी रडणारा माणूस नव्हता. आता टीव्हीवर कुणाची पाठवणी लागली तरी घळाघळा रडतात आणि स्वतःच चकित होतात. आकडे राहिले, महिन्यांची नावं गेली. म्हणजे मन नावाची अखंड वस्तू कुठे वेगळी ठेवलेली नाही. मेंदूचा जो तुकडा जातो, त्याच्याबरोबर मनाचा तेवढा तुकडा जातो. कॉलेजात मी हे मान्य करायचो नाही. इथे तू बरोबर होतास.

पण तुझं पुढचं वाक्य मला अजून पटत नाही. मिरजेला सतारमेकर गल्लीत उभं राहून तू म्हणाला होतास, "भोपळा फुटला की सूर संपला, त्यात गूढ काय?" हाच मुद्दा प्लेटोच्या एका संवादात सिमियस सॉक्रेटिसपुढे मांडतो, वीणेचं उदाहरण देऊन. मुद्दा भक्कमच आहे. फक्त एक अडचण आहे: तंबोरा कितीही सुरेल लागला तरी तो स्वतःला ऐकू येत नाही. दादांना स्वतःचं 'बरं का' ऐकू येतं. चुकीचा शब्द निघाला हे त्यांना कळतं, ते कपाळावर हात मारून घेतात. हे ऐकणारं काय आहे, हा माझा प्रश्न आहे.

आपली भांडणं व्हायची त्यात एक घोळ होता, असं आता वाटतं. आपण मन आणि जाणीव हे शब्द एकाच अर्थाने फेकत होतो. सांख्य दर्शनाच्या जुन्या तत्त्वज्ञांनी ती चूक केली नव्हती. मन, बुद्धी, अहंकार सगळं त्यांनी प्रकृतीत टाकलं, जडाच्या बाजूला. पुरुष म्हणजे जाणीव, ती फक्त पाहणारी. मेंदूबरोबर मन मोडतं हे ऐकून त्यांना धक्का बसला नसता. आणि आपली आईसुद्धा रोजच्या बोलण्यात शुद्ध वेगळी धरते, भान वेगळं. माणूस शुद्धीवर असतो पण भानावर नसतो. डॉक्टरही हाच फरक करतात. जागं राहणं हे बरंचसं मेंदूच्या खालच्या देठासारख्या भागावर अवलंबून आहे; मोरुझी आणि मॅगून यांनी १९४९ मध्ये ते मांजरांवरच्या प्रयोगांतून दाखवलं. तो देठ शाबूत असेल तर डोळे उघडतात, झोप-जाग चालू राहते. पण आत कुणी भानावर आहे का, हे डोळ्यांवरून सांगता येत नाही.

२००६ साली एड्रियन ओवेन यांच्या गटाने एका तरुणीची तपासणी केली. अपघातानंतर पाच महिने तिचे डोळे उघडत होते, बाकी प्रतिसाद शून्य. स्कॅनरमध्ये तिला सांगितलं, टेनिस खेळतेयस अशी कल्पना कर. निरोगी माणसाच्या मेंदूतले जे भाग असं सांगितल्यावर कामाला लागतात, तेच तिच्याही मेंदूत लागले. जिला सगळ्यांनी बेभान धरलं होतं ती ऐकत होती.

म्हणून मला त्या नातेवाइकाचा अजून राग येतो. हॉस्पिटलात दादांच्या उशाशी उभं राहून, "यांना आता काही कळत नाही," म्हणत त्याने शेताच्या वाटणीचा विषय काढला. दादांच्या डाव्या मुठीत चादर आवळलेली होती.

तू म्हणशील, पेशी पुरेशा गुंतागुंतीच्या झाल्या की जाणीव आपोआप उगवते. मेंदूत साधारण ८,६०० कोटी चेतापेशी आहेत, पण त्यांतल्या सुमारे ६,९०० कोटी एकट्या लहान मेंदूत आहेत. आणि लहान मेंदूशिवाय जन्मलेली माणसंही आहेत. त्यांचा तोल आणि बोलणं अडखळतं, जाणीव जात नाही. तेव्हा नुसत्या संख्येने भागत नाही. क्रिस्टोफ कॉख या मेंदूशास्त्रज्ञाने १९९८ मध्ये तत्त्वज्ञ डेव्हिड चाल्मर्सशी पैज लावली होती की पंचवीस वर्षांत जाणिवेची मेंदूतली खूण स्पष्ट सापडेल. २०२३ मध्ये कॉखने हार मानून वाईन दिली. पण दोघेही प्रश्नाला चिकटून आहेत, आणि मला तेच आवडलं.

गणपतीतली गोष्ट राहिलीच. घरी आणून चार दिवस झाले होते. आरतीला आम्ही त्यांना खुर्चीवर बसवलं. झांज सुरू झाली आणि दादा म्हणायला लागले. शब्दन् शब्द, तीन कडवी, चालीत! आईच्या हातातलं तबक थरथरत होतं. आरती संपली, मी धावत जाऊन विचारलं, "दादा, प्रसाद हवा?" "बरं का."

स्पीच थेरपीच्या बाई म्हणाल्या, असं बऱ्याच जणांत होतं. पाठ असलेलं आणि चालीवरचं बोलणं मेंदू दुसऱ्या वाटेने आणतो. आता आम्ही घरभर गात बोलतो. "पा-णी ह-वं" भूपाळीच्या चालीवर, त्यांच्या डाव्या हाताने मांडीवर ठेका धरून. परवा त्यांनी 'पाणी' एकट्याने म्हटलं.

माघात नवी हळद यायला लागली की ये. तुझं नाव त्यांच्या तोंडी लवकर येणार नाही. थांब, त्यांना वेळ लागतो, वाक्य तू पुरं करू नकोस. आणि दारातूनच "दादा, ओळखलंत का?" असं विचारू नकोस. ते ओळखतील.

तुझा,
विनायक