उपग्रहांचे इंधन कमी विषारी हवे

माननीय संपादक, स. न. वि. वि.

बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीत लेथवर काम करताना साध्या कटिंग ऑइलच्या वाफेनेही माझे डोळे चुरचुरतात. म्हणूनच उपग्रहात हायड्राझिन हे विषारी द्रव इंधन भरणारे तंत्रज्ञ, नखशिखांत बंद पोशाखात आणि बाहेरून पुरवलेल्या हवेवर श्वास घेत उभे असलेले, छायाचित्रात पाहिले की मन अस्वस्थ होते. हे द्रव्य श्वासावाटे किंवा त्वचेतूनही शरीरात शिरते व यकृताला इजा करते.

कमी विषारी पर्याय आहेत. स्वीडनच्या प्रिझ्मा उपग्रहाने 2010 मध्ये अमोनियम डायनायट्रामाइडवर आधारित इंधन अवकाशात वापरले, तर 2019 मध्ये नासाने हायड्रॉक्सिलअमोनियम नायट्रेटवरील इंधनाची कक्षेत चाचणी घेतली. आपल्याकडे 1 जानेवारी 2024 च्या पीएसएलव्ही-सी58 मोहिमेत बेंगळुरूच्या बेलाट्रिक्स कंपनीचे असेच हरित, म्हणजे कमी विषारी इंधनाचे थ्रस्टर (उपग्रहाला ढकलणारी छोटी इंजिने) होते. अडचण आहे ती उष्णतेची: ही इंधने हायड्राझिनपेक्षा बरीच जास्त तापतात, इंधनाची रासायनिक क्रिया सुरू करणारा उत्प्रेरक आधी गरम करावा लागतो आणि ज्वलनकक्षाला महाग, प्रचंड उष्णता सोसणारा धातू लागतो. तो धातू अचूक घडवण्याचे काम बेळगावच्या कारागिरांना जमेल, अशी माझी खात्री आहे. त्यांना प्रशिक्षण व चाचणीची सोय येथेच मिळावी, ही कळकळीची विनंती.

आपला,
एक यंत्र कारागीर, बेळगाव