चित्रातल्या स्केटबोर्डचे ट्रक उलटे

मा. संपादक,
स. न. वि. वि.

शाळाप्रवेशाचा हंगाम आला की जळगाव, धुळे, नंदुरबारच्या चौकांत फ्लेक्स लागतात. त्यांतल्या एखाद्यावर तरी स्केटबोर्डवर उभे राहिलेले हसरे मूल असतेच. क्लासच्या पत्रकावर, बचत खात्याच्या जाहिरातीत, रविवारच्या पुरवणीत नव्या पिढीवरच्या लेखाशेजारीही तेच. आपल्याकडे हा खेळ खेळणारे मोजके, पण त्याचे चित्र खेड्यापाड्यांत पोहोचले आहे. या चित्रांतला बोर्ड बऱ्याचदा चुकीचा जोडलेला असतो आणि त्यावरचे मूल चुकीचे उभे असते. बोर्ड दाखवू नका असे आमचे म्हणणे नाही, जरूर दाखवा. पण ज्या गावात शिकवणारे कोणी नाही, तिथे मूल चित्र बघूनच उभे राहायला शिकते, आणि दुकानदारही खोक्यावरचे चित्र बघूनच बोर्ड जोडून देतो.

सर्वांत घातक चूक ट्रकची. फळीखाली पुढे आणि मागे धातूचा एकेक सांगाडा असतो, त्याला ट्रक म्हणतात. चाकांचा दांडा त्यातच बसतो. प्रत्येक ट्रकमधून एक जाड बोल्ट तिरका बाहेर येतो, तो किंगपिन. त्यावर बुशिंग, म्हणजे रबरासारखी मऊ कडी, आणि टोकाला मोठा नट. बोर्ड पालथा घातल्यावर पुढचा आणि मागचा मोठा नट एकमेकांकडे, म्हणजे फळीच्या मध्याकडे तोंड करून दिसले पाहिजेत. जाहिरातींत ते अनेकदा फळीच्या टोकांकडे वळलेले असतात. ट्रक नीट बसवलेला असेल तर डावीकडे झुकल्यावर बोर्ड डावीकडे वळतो. दोन्ही ट्रक उलटे असतील तर तो उजवीकडे पळतो आणि अंगाचा भार डावीकडेच राहतो. एकच ट्रक उलटा असेल तर बोर्ड वळतच नाही, खेकड्यासारखा तिरका सरकतो. मुलाला वाटते आपल्याला तोल साधत नाही. दोष मुलाचा नसतो, जोडणीचा असतो.

दुरुस्ती दहा मिनिटांची. एका ट्रकला चार बोल्ट असतात आणि त्यांच्या नटांना ३/८ इंची किंवा १० मिमीचा पाना चालतो. चारही नट काढायचे, ट्रक अर्धा फिरवायचा, नट समोरासमोरच्या क्रमाने थोडेथोडे आवळायचे. किंगपिनच्या मोठ्या नटाला या कामात हात लावायचा नाही, त्याला ९/१६ इंची पाना लागतो आणि तो वळण किती सैल किंवा घट्ट हवे यासाठी असतो. एक अपवाद ध्यानात ठेवावा: लांब फळीच्या लाँगबोर्डवर काही ट्रक मुद्दामच नट बाहेरच्या बाजूला येईल असे बनवलेले असतात. त्यांना चूक समजून फिरवू नये.

फ्लेक्स बनवणारे बरेचदा जागेच्या सोयीसाठी चित्र डावे-उजवे पालटतात. त्याने काही बिघडत नाही. डावा पाय पुढे ठेवणारे आणि उजवा पाय पुढे ठेवणारे, दोन्ही प्रकारचे खेळाडू असतात. पालटल्याने ट्रकची दिशाही चुकत नाही. तेव्हा उलटे ट्रक दिसले तर समजावे, की फोटो काढतानाच बोर्ड चुकीचा जोडलेला होता.

दुसरी चूक उभे राहण्याची. फोटोत मूल दोन्ही पाय जवळ घेऊन फळीच्या मधोमध उभे असते, नाहीतर पुढच्या पायाने जमीन ढकलत असते. ढकलताना पुढचा पाय पुढच्या चार बोल्टांवर, पंजा प्रवासाच्या दिशेने, गुडघा थोडा वाकलेला, आणि जमिनीला रेटा मागच्या पायाने. पुढच्या पायाने ढकलण्याला मोंगो म्हणतात. त्यात सगळे वजन शेपटाकडे जाते, पुढची चाके हलकी होतात, आणि बोर्ड पुढे निसटून मूल पाठीवर आपटते. पडताना हात मागे टेकला की मनगटावर येते, नाही टेकला तर डोक्यावर. हेल्मेटही डोक्याच्या मागे ढकलून घातलेले दाखवतात, चेहरा दिसावा म्हणून. त्याची पुढची कड भुवयांच्या वर दोन बोटे हवी, दोन्ही बाजूंच्या पट्ट्या कानाखाली येऊन मिळायला हव्यात आणि हनुवटीखाली जेमतेम एक बोट जावे. सायकलच्या बऱ्याच हेल्मेटांत डोक्याचा मागचा खालचा भाग उघडा राहतो. स्केटबोर्डवरून पडणारा बहुधा मागेच पडतो, म्हणून तो भाग झाकणारे हेल्मेट घ्यावे.

बोर्ड हातात ट्रकला धरून उभा असलेला अभिनेता किंवा अभिनेत्री दिसली की अनुभवी खेळाडू नाक मुरडतात. आमच्या मते तो नुसता शिष्टपणा आहे. त्याने कोणाचे हाड मोडत नाही.

हाडे मोडतात ती रस्त्यामुळे. जाहिरातीत मूल खेड्याच्या रस्त्यावरून भरधाव जाताना दाखवतात आणि बोर्ड असतो सिमेंटच्या गुळगुळीत पार्कातला: ५२ मिमीची, ९९ए कडकपणाची चाके. आपल्याकडे काळ्या मातीवरचा रस्ता पावसाळ्यानंतर भेगाळतो, कडेला बारीक खडी सुटते. हरभऱ्याएवढ्या खड्यावर असे चाक जागच्या जागी थांबते, आणि मूल थांबत नाही. अशा रस्त्याला ५८ ते ६० मिमीची, ७८ए च्या आसपासची मऊ चाके लागतात. पण मोठे चाक वळताना फळीला घासते आणि बोर्ड एकदम अडतो. म्हणून ट्रक आणि फळीच्या मध्ये ३ मिमीची रायझर पट्टी घालायची आणि एक इंचाऐवजी सव्वा इंची बोल्ट वापरायचे. बेअरिंगची चिंता नको. ते ६०८ मापाचे असतात, आत ८ मिमी, बाहेर २२, जाडी ७. एका चाकात दोन, बोर्डाला आठ. हे माप बेअरिंगच्या दुकानात मिळते. फळीला जुनी बेअरिंग ठोकून गाडी करणाऱ्या आपल्या पोरांना तर ते ओळखीचेच आहे.

चित्राची चूक कोणी मनावर घेतली तर ती सुधारते, याचे उदाहरण आहे. २०१८ मध्ये मोबाइलवरच्या इमोजींत स्केटबोर्डची भर पडली, तेव्हा नमुन्यादाखल दाखवलेला बोर्ड १९८०च्या दशकातल्या शिकाऊ बोर्डासारखा होता. १९९९ मध्ये हवेत अडीच गिरक्या पूर्ण करणाऱ्या टोनी हॉकने त्यावर जाहीरपणे बोट ठेवले, स्वतःच्या बोर्डाचे फोटो दिले आणि चित्र बदलून घेतले. नखाएवढ्या चिन्हासाठी जगप्रसिद्ध खेळाडू एवढा खटाटोप करतो. वीस फुटी फ्लेक्ससाठी आपल्याला पाच मिनिटे काढता येतील.

सिनेमा आणि मोबाइल गेम यांची गोष्ट वेगळी. १९८५च्या ‘बॅक टू द फ्यूचर’मध्ये नायक बोर्डवर उभा राहून चालत्या गाडीला मागून धरतो. तिथे स्टंटचे कसबी खेळाडू होते. २०१२ पासून मुलांच्या हातात असलेल्या ‘सबवे सर्फर्स’मध्ये तर रेल्वेरुळांवर बिनचाकांचा बोर्ड तरंगतो. भुसावळसारख्या जंक्शनच्या गावात पालकांनी या खेळाविषयी मुलांशी उघड बोललेले बरे. आणि उसाच्या किंवा कापसाच्या ट्रॉलीला धरून बोर्डवरून ओढले जाणे म्हणजे काय, हेही सांगावे: ट्रॉलीने ब्रेक लावला की बोर्डला ब्रेक नसतो, मूल थेट ट्रॉलीखाली जाते.

चांगली चित्रेही आहेत, आणि ती आपल्याच देशातली आहेत. मध्य प्रदेशात पन्ना जिल्ह्यातल्या जनवार गावी २०१५ मध्ये स्केटपार्क झाला आणि तिथल्या आदिवासी मुलांचे खेळतानाचे फोटो जगभर गेले. राजस्थानात उदयपूरजवळच्या खेमपूरला एका चित्रपटासाठी पार्क बांधला, चित्रपट २०२१ मध्ये प्रदर्शित झाला, आणि पार्क गावातल्या मुलांसाठी तिथेच राहिला. महाबलीपुरमच्या कमली मूर्ती या मुलीवरचा लघुपट ब्रिटनच्या बाफ्टा चित्रपट पुरस्काराच्या नामांकनापर्यंत गेला. खेड्यातले खरे मूल, खऱ्या बोर्डवर. फ्लेक्सवर परदेशी स्टुडिओतला फोटो टाकण्यापेक्षा परवानगी घेऊन असे फोटो वापरावेत.

आता आपल्या वृत्तपत्राकडे एक मागणे. टोकियोत स्केटबोर्डिंग पहिल्यांदा ऑलिंपिकमध्ये आले, तेव्हा जपानच्या तेरा वर्षांच्या मोमिजी निशियाच्या सुवर्णपदकाची बातमी सगळीकडे आली. पण अशा बातम्यांसोबतचे फोटो बहुधा खेळाडूच्या अंगाला चिकटून कापलेले असतात: नुसते हवेतले मूल आणि पायाखाली बोर्ड. त्यात खेळ दिसत नाही. स्केटबोर्डच्या फोटोत तीन गोष्टी लागतात: उडी जिथून घेतली ती जागा, मधला अडथळा, आणि उतरायची जागा. पायऱ्या असतील तर पहिली आणि शेवटची दोन्ही पायऱ्या चौकटीत हव्यात. त्यासाठी रुंदीचा एक कॉलम वाढवावा लागला तरी वाढवावा. बोर्ड हवेत आणि पाय त्यापासून दूर फेकलेले असतील, तर ती उडी फसल्याची दाट शक्यता असते. तो फोटो विजयाच्या बातमीला लावण्याआधी वृत्तसंस्थेची मूळ फोटोओळ वाचावी, किंवा पुढच्या क्षणाचा फोटो मागवावा. २०२८ मध्ये लॉस एंजेलिसला हा खेळ पुन्हा असेल. तोवर क्रीडापानाच्या टेबलावर एक जुना बोर्ड पालथा घालून ठेवला, तर फोटो निवडणाऱ्याला नट कुठे असतो ते बघता येईल.

आपले,
स्केटबोर्ड खेळणारे आणि दुरुस्त करणारे काही वाचक,
जळगाव